‘संरक्षण’ की ‘बचाव’? शिवाय आळ, आरोप, ठपका

चाळीसगावचे एक विमा प्रतिनिधी विचारतात : जळगावच्या एका सराफाचं बँकेसाठी सोनेतारणाचं मूल्यांकन करण्याचं काम आहे. त्यांच्या व्यावसायिक दायित्व विम्याचा (कामातल्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) मराठी गोषवारा करतोय. ‘ड्यूटी टू डिफेंड’ला (विमेदारावर दावा झाला तर कोर्टात त्याची बाजू लढवण्याचं कंपनीचं कर्तव्य) ‘संरक्षणाची जबाबदारी’ म्हणू का? आणि उद्या खोटे दागिने निघाले नि बँकेने फ्रॉडचा आरोप केला, तर ती जबाबदारी संपते का?

‘संरक्षण’ नको. तो शब्द ‘कव्हर’साठी रुळलाय, त्यामुळे वकिलाची फी आणि नुकसानभरपाई एकाच पोत्यात जाईल. कोर्टाचा शब्द तयार आहे : बचाव. निकालाच्या बातमीत तळाशी ‘प्रतिवादीतर्फे ॲड. अमुक यांनी काम पाहिले’ असं असतं ना, ते काम पाहण्याचे पैसे कोणी द्यायचे, एवढाच इथला प्रश्न. निकालानंतर द्यावी लागते ती भरपाई, ते खातं वेगळं.

फ्रॉडचं प्रकरण जास्त रंगतदार आहे. करार कायद्याच्या मराठीत ते कपट (१८७२चा कायदा, कलम १७), पोलिसांच्या कागदात फसवणूक. (१ जुलै २०२४पासून नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ४२०चं ३१८ झालं, बोलण्यातला चारशेवीस काही हलत नाही.) आळ नुसता येतो, पुरावा असो नसो. आरोप करतात. ठपका बहुधा चौकशीनंतर बसतो. फौजदारीतलं ‘आरोप निश्चित’ तर फार दिशाभूल करतं : खटला कोणत्या कलमांखाली चालवायचा ते ठरलं, इतकाच त्याचा अर्थ, पण वाचणारा गुन्हाच शाबीत झाला असं धरून चालतो.

बचावाचा प्रश्न आरोपाच्याच पायरीवर उभा राहतो. ही संज्ञा अमेरिकेतली. तिथे साधारणपणे वादपत्रात, म्हणजे दावा करणाऱ्याने कोर्टात दिलेल्या कागदात, काय लिहिलंय ते बघतात. बँकेने ‘कपट केलं, निदान निष्काळजीपणा तरी केला’ असं लिहिलं, तर निष्काळजीपणा विम्यात बसतो म्हणून बहुतेक राज्यांत सगळ्या दाव्याचा बचाव कंपनीच्या गळ्यात पडतो. नुसतं कपटच लिहिलं असेल आणि पॉलिसीने ते वगळलं असेल, तर कंपनीला हात वर करायला वाव मिळतो. तिथल्या जुन्या पॉलिसींत ‘आरोप निराधार, खोटे वा कपटी असले तरी’ बचाव करू, असं वाक्य असे. त्यातलं ‘कपटी’ हे आरोपांचं विशेषण आहे, विमेदाराचं नव्हे. भाषांतरात हे हमखास घसरतं.

आपल्याकडच्या पॉलिसींत बरेचदा कंपनी स्वतः बचाव लढवत नाही, तिच्या लेखी संमतीने झालेला खर्च देते. तुमच्या पॉलिसीत तसं असेल तर ‘जबाबदारी’ही नको, ‘बचावखर्च’ लिहा. मग वगळणुकीचं कलम शब्दशः बघा. ‘कपटाचा आरोप झाल्यास’, ‘कपट केल्यास’ आणि ‘अंतिम निकालात कपट सिद्ध झाल्यास’ या तिन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तिसरं असेल तर निकालापर्यंत खर्च मिळत राहतो; सिद्ध झालं तर दिलेला पैसा परत मागण्याची तरतूदही बहुधा शेजारीच असते. गोषवाऱ्यात ती गाळू नका, सराफ आधी तेच विचारतील.