हरवलेले मूल आणि आईची आठवण

प्रश्न : मी माझी पहिली कादंबरी लिहीत आहे. सहा वर्षांची एक मुलगी बागेतून दिसेनाशी होते आणि पुढची सगळी कथा तिची आई प्रथमपुरुषी निवेदनातून सांगते. मुलगी दिसेनाशी झाली त्या दहा मिनिटांत आई फोनवर कोणाशी तरी भांडत होती. ही गोष्ट तिने पोलिसांपासून आणि वाचकांपासूनही लपवलेली असते आणि ती शेवटच्या प्रकरणात उघड होते. मसुदा वाचलेल्या दोन्ही मित्रांनी याला फसवणूक म्हटले. रहस्यकथेत वाचकाला चकवायचेच असते, मग माझे चुकले कुठे?

उत्तर : चकवायचे असते हे खरे, पण चकवतो कोण, हा खरा मुद्दा आहे. तुमच्या मसुद्यात ते काम आई करत नाही, तुम्ही करता. आपण तिच्या डोक्यात बसलो आहोत. तिच्या छातीतली धडधड, घशाची कोरड, रात्री दचकून उठणे हे सगळे ती आपल्याला सांगते, आणि जी गोष्ट तिला आतून सर्वांत जास्त कुरतडत असणार ती मात्र शेकडो पानांत तिच्या मनात एकदाही येत नाही. हे तिच्या स्वभावातून आलेले मौन नसून प्रकरणांची आखणी सांभाळण्यासाठी लेखकाने तिच्या तोंडावर ठेवलेला हात आहे, आणि वाचकाला तो हात दिसतो.

‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये रूढ केली. अशा निवेदकाने धडधडीत खोटे बोलायलाच हवे असे नाही. त्याच्या सांगण्यात आणि कलाकृतीच्या एकूण जाणिवेत अंतर असले आणि ते वाचकाला चाचपता आले, तरी पुरे. म्हणून फोनचा उल्लेख पहिल्याच प्रकरणात येऊ द्या, असे मी सुचवेन. फक्त तो क्षुल्लक वाटला पाहिजे : “फोन वाजला, मी कट केला.” पुढे त्याच दहा मिनिटांकडे ती पुन्हा पुन्हा जाईल आणि दर वेळी तपशील थोडे सरकतील. एकदा फोन कट केलेला असेल, एकदा ‘नंतर बोलते’ इतकेच म्हटलेले असेल, एकदा ती बाकावरून उठून झाडापलीकडे गेलेली असेल. वाचकाला लपवाछपवी जाणवेल, पण तिचा अर्थ लागणार नाही.

याला मानसशास्त्राचा भक्कम आधार आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात मोटारींच्या अपघाताची तीच चित्रफीत सर्वांना दाखवली होती. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असे ज्यांना विचारले त्यांनी, नुसत्या ‘टेकल्या’ असा शब्द ऐकलेल्यांपेक्षा बराच जास्त वेग सांगितला. शिवाय आठवड्यानंतर ‘आदळल्या’ ऐकलेल्यांपैकी अधिक लोकांना चित्रफितीत नसलेल्या फुटक्या काचाही आठवल्या. आता तपास अधिकाऱ्याच्या तोंडचा एक साधा प्रश्न घ्या : “तुम्ही तिचा हात कधी सोडलात?” हात धरलेला होता, हे या प्रश्नाने गृहीतच धरले आहे. तो दहा वेळा ऐकलेल्या आईला अकराव्या वेळी हात सोडल्याचा क्षण ‘आठवू’ लागला, तर त्यात नवल नाही. लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांचा १९९५ चा प्रयोग तर तुमच्या विषयाला फारच जवळचा आहे. लहानपणी आपण बाजार-संकुलात हरवलो होतो, अशी न घडलेली हकीकत त्यांनी २४ जणांसमोर नातेवाइकांच्या नावाने ठेवली, आणि त्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश लोकांना ती पूर्णतः किंवा अंशतः आठवली.

यातून आणखी एक वाट निघते, आणि मला तरी ती तुमच्या शेवटापेक्षा अधिक भीतीदायक वाटते. अपराधी माणूस स्वतःला वाचवण्यासाठी आठवणी बदलतो, हे वाचकाला अपेक्षितच असते. पण दुःखात बुडालेला माणूस स्वतःला शिक्षा करण्यासाठीही त्या बदलतो. आईने शेवटी दिलेली कबुलीच खरी नसेल तर?

प्रश्न : मुलगी सापडली की नाही, हे न सांगता कादंबरी संपवली तर वाचक चिडतील का? (दुसऱ्या एका वाचकाचा प्रश्न.)

उत्तर : काही चिडतील. मात्र ज्या प्रश्नावर कादंबरी उभी आहे त्याचे उत्तर तुम्ही दिले असेल, तर दुसरा प्रश्न उघडा ठेवण्याचा अधिकार तुम्हाला मिळतो. वरच्या कादंबरीपुरते बोलायचे तर मुलीचे काय झाले हे अंधारात राहू शकते, त्या दहा मिनिटांत काय झाले हे राहू शकत नाही.

माणूस गेला असेही म्हणता येत नाही आणि आहे असेही, अशा अवस्थेला पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात जे नाव दिले त्याला मराठीत ‘अनिश्चित वियोग’ म्हणता येईल. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास त्यांनी केला होता. अशा घरात शोक सुरूच होऊ शकत नाही, मग तो संपणार कसा? हे भाषणातून सांगू नका; क्रियापदांतून दाखवा. वडील नकळत म्हणतात, “तिला चित्रे काढायला आवडायची,” आणि आई तिथेच थांबवते, “आवडतात.” संसार मोडायला एवढे भांडण पुरते.

प्रश्न : अशा कादंबरीत पोलीस तपास किती असावा?

उत्तर : निवेदन आईचे असेल तर तिला कळेल तितकाच, म्हणजे फार थोडा. तक्रार नोंदवण्याआधी चोवीस तास थांबावे लागते, हा समज तेवढा वापरू नका. मूल बेपत्ता असताना पहिले काही तासच सर्वांत मोलाचे असतात, आणि घरच्या माणसांची चौकशीही लवकर होते, तीही वेगवेगळी. “तुम्ही तिला शेवटचे कधी पाहिले?” या प्रश्नानेच पहिले प्रकरण सुरू करून पाहा, बागेच्या वर्णनाची पाने बहुधा वाचतील.