राज्याची सीमा ओलांडली नाही तरी

तू विचारलंस, देहव्यापारासाठी तस्करी झालेली मुलगी फ्लोरिडाबाहेर गेलीच नाही तर खटला राज्याचा न राहता अमेरिकेच्या संघीय (केंद्रीय) कायद्याखाली कसा? आधी दोन कायदे वेगळे कर. देहव्यापारासाठी माणसं नेण्याविरुद्धच्या १९१० च्या मान कायद्याच्या मूळ कलमात व्यक्तीला खरोखर सीमेपार नेलेलं दाखवावं लागतं. देहव्यापारासाठीच्या तस्करीचं संघीय कलम १५९१, त्याला मात्र एवढंच पुरतं की कृत्य आंतरराज्य (राज्याराज्यांमधल्या) व्यापारात घडलं किंवा त्याचा व्यापारावर परिणाम झाला. अकराव्या सर्किटने (फ्लोरिडा ज्याच्या कक्षेत येतं त्या संघीय अपील न्यायालयाने) २००७ मध्ये पूर्णपणे फ्लोरिडातल्याच प्रकरणात शिक्षा कायम ठेवली. पुरावा होता तो फोनचा, परराज्यातले प्रवासी उतरतात त्या हॉटेलांचा आणि राज्याबाहेरून आलेल्या कंडोमचा. व्यापाराशी असलेला हा संबंध आरोपीला माहीत असण्याचीही गरज नाही, असंही तिथे ठरलं.

म्हणून पंचनाम्यातल्या फुटकळ वाटणाऱ्या वस्तू नीट बघ. कंडोमच्या पाकिटावर तो कुठे बनवला ते छापलेलं असतं. हॉटेलच्या नोंदवहीत पाहुण्यांचे पत्ते असतात. पण कागद फाइलमध्ये असून भागत नाही. व्यापाराशी असलेला संबंध हा गुन्ह्याचा घटक आहे, तो ज्युरीपुढे निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. बचाव पक्ष लेखी मान्य करत असेल तर उत्तम, नाहीतर हॉटेलच्या नोंदी सांभाळणारा माणूस साक्षीला बोलाव. पीडितेच्या साक्षीवर सगळा जीव लावून हा कोरडा पुरावा विसरणारे वकील मी पाहिलेत. त्या मुलीने एवढं सोसून साक्ष द्यायची आणि खटला इथे अडायचा, हे मला सहन होत नाही.

सक्तीच्या श्रमाचं कलम १५८९ मात्र गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीवर उभं आहे, तिथे हा घटक शोधत बसू नकोस.