लायसन्सचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न: मी कल्याणला राहते. चार वर्षांपासून घरूनच पुरणपोळ्या आणि दिवाळीचा फराळ विकते. महिन्याला सरासरी ५०,००० ची विक्री होते, ३०,००० नफा सुटतो. पुरणपोळी ३५ रुपयांना देते, सामान १४ रुपयांचं लागतं. आता फूड लायसन्स काढायचं आहे. लायसन्स, छोट्या धंद्याची उद्यम नोंदणी आणि जीएसटी मिळून एजंट ८,५०० मागतो. द्यावेत का? यंदा दिवाळीच्या मालासाठी पाटल्या ठेवून बँकेतून १२ टक्क्यांनी ६०,००० उचलले, ते फेडायचे आहेत. चालू खातं उघडायला गेले तेव्हा बँकेतल्या अधिकाऱ्यांनी वर्षाला १ लाखाची गॅरंटीड पॉलिसी दिली. १० वर्षं भरायचे, १५ वर्षांनी १६ लाख मिळतील. पहिला हप्ता भरला, कागद तीन आठवड्यांपूर्वी घरी आले. सोबत माझ्या स्टिकरचा फोटो पाठवते आहे.

उत्तर: ताई, एजंटाला ८,५०० देऊ नका. लायसन्सचं सगळं खाली सांगतो, ते चार दिवस थांबलं तरी चालेल. पॉलिसीचं थांबणार नाही.

पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. यालाच फ्री लूक म्हणतात. तुमच्याकडे जेमतेम आठवडा उरला आहे. अर्ज थेट विमा कंपनीला लेखी द्या आणि पोच घ्या. मुद्रांक शुल्क, तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचे पैसे, एवढं कापून बाकी रक्कम परत येते. ते बँकेतले साहेब "अजून एकदा बसून बोलू" म्हणतील. बसू नका. महिना उलटला की हा दरवाजा बंद होतो, आणि मग मध्येच हप्ते थांबवले तर भरले त्याहून बरेच कमी हाती येतात.

एवढी घाई का, ते आकड्यांत बघा. १० लाख भरून १५ वर्षांनी १६ लाख, म्हणजे वर्षाला साधारण साडेचार टक्के. हेच हप्ते पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी ठेवले असते तर २१ लाखांच्या आसपास झाले असते. पाच लाखांचा फरक! आणि ज्या बाईच्या पाटल्या १२ टक्क्यांवर गहाण आहेत, तिचा लाख रुपया साडेचार टक्क्यांत पंधरा वर्षं अडकवला. खात्यात दिवाळीचे पैसे दिसले म्हणून ही पॉलिसी गळ्यात मारली. तुमच्यावर कर्ज आहे का, एवढा एक प्रश्नही कुणी विचारला नाही, याचा मला संताप येतो.

यापेक्षा मोठी चूक मात्र तुमच्या हिशेबातच आहे. ३५ मधून १४ गेले, २१ उरले, तोच नफा, असं तुम्ही धरलंय. ते १४ म्हणजे फक्त डाळ, गूळ, कणीक, तूप आणि वेलची-जायफळ. गॅस कुठे आहे? पुरण शिजवायला आणि पोळी भाजायला मिळून २ रुपये धरा, तेही व्यावसायिक सिलिंडरच्या भावाने, कारण घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही. डबा, बटर पेपर, स्टिकर ३. पोहोचवणाऱ्या मुलाचे ३. पुरण वाटायला मावशी येतात, त्यांचे ४. आणि तव्यावर फाटलेल्या पोळ्या घरातच खाल्ल्या जातात, त्यांचा १. झाले २७. पोळीमागे उरतात ८ रुपये.

फराळालाही हेच प्रमाण लावलं तर ५०,००० च्या विक्रीत तुमचे साडेअकरा हजार, तीस नव्हे. रोज पाच तास, महिन्याचे पंचवीस दिवस उभं राहून तासाला नव्वद रुपये. वर्षाची खरी कमाई १ लाख ३७ हजार, आणि त्यातला १ लाख हप्त्यात. पुढच्या दिवाळीची डाळ आणि तूप कशातून भरणार होतात? पुन्हा पाटल्या ठेवूनच.

पोळी ४० ची करा. पोळीमागे ८ चे १३ होतात. शंभरातली वीस गिऱ्हाइकं तुटली तरी ८०० च्या जागी १,०४० सुटतात, आणि वीस पोळ्या कमी लाटाव्या लागतात. घरच्या चवीला गिऱ्हाईक इतक्या सहज सोडत नाही, असा माझा अनुभव आहे.

पॉलिसीचे पैसे परत आले की त्याच दिवशी पाटल्या सोडवून आणा. उरलेले चाळीसेक हजार वेगळ्या खात्यात टाका. ते दिवाळीच्या मालाचे, घरखर्चाला काढायचे नाहीत.

आता लायसन्स. तुम्हाला लागते ती एफएसएसएआयची, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी. २०११ च्या मूळ नियमावलीत ती वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या विक्रीसाठी होती आणि फी वर्षाला १०० रुपये होती. तुमची विक्री सहा लाख. त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर फोटो आणि ओळखपत्र घेऊन बसा, घरातलं कॉलेजचं पोर करून देईल. नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे, चार वर्षं ती नव्हती हे बरोबर नाही, पण आता लगेच करा. उद्यम नोंदणीला सरकार एक रुपयाही घेत नाही. राज्यातल्या राज्यात विकता तोवर या उलाढालीला जीएसटी नोंदणी लागत नाही. बंगळुरू-हैदराबादहून फराळाची ऑर्डर आली तर आधी थांबा, कारण माल परराज्यात विकला की ती सूट उरत नाही.

तुमचं स्टिकर पाहिलं. दोन कमळं, नाव, मोबाइल आणि "शुद्ध तुपातील". बनवल्याची तारीख नाही, कधीपर्यंत खावं ते नाही, वजन नाही, घटक नाहीत, पत्ता नाही, चौकोनातला हिरवा ठिपकाही नाही. नव्या स्टिकरवर हे सगळं येऊ द्या, आणि नोंदणीचा १४ आकडी नंबर मिळेपर्यंत छापायला देऊ नका. कमळं राहू द्या, छान आहेत.