वाचकांचे प्रश्न : सिंगापूरची फॉर्म्युला वन रेस बघायला जाताना

आम्ही दोघं आणि आठ वर्षांची मुलगी ऑक्टोबरमध्ये सिंगापूरला रेस बघायला जाणार आहोत. बसायला जागा नसलेलं वॉकअबाउट तिकीट बरंच स्वस्त दिसतं. ते घ्यावं का? की ग्रँडस्टँडच बरा? कुठल्या वळणावरचा? (पुणे)

मुलगी बरोबर आहे, तर ग्रँडस्टँडच घ्या. वॉकअबाउटमध्ये जागा राखीव नसते. कुंपणालगतची जागा धरायची तर लवकर जाऊन उभं राहावं लागतं, आणि पाणी आणायला गेलात की ती गेलीच म्हणून समजा.

सीट निवडताना दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे रांग. मरीना बे हे शहरातल्या रस्त्यांवर उभारलेलं सर्किट आहे. ट्रॅकच्या कडेला काँक्रीटची भिंत आणि तिच्यावर तारेची उंच जाळी. खालच्या रांगांतून गाडीपेक्षा जाळीच जास्त दिसते, म्हणून पर्याय असेल तर वरची रांग घ्या. दुसरी म्हणजे मोठा स्क्रीन. एक लॅप (सर्किटची एक फेरी) सुमारे ४.९ किलोमीटरची आहे आणि तिला दीड मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यातली जेमतेम काही सेकंद गाडी तुमच्या नजरेसमोर असते. बाकी रेस स्क्रीनवरच कळते. त्यामुळे समोर स्क्रीन नसेल तर सीट कितीही महागडी असो, रेसचा पत्ता लागत नाही. मोबाइलवरच्या लाइव्ह टायमिंगच्या भरवशावर राहू नका, गर्दीत नेटवर्क हमखास रखडतं.

वळणांचं म्हणाल तर एक ते तीन ही स्टार्टसाठी उत्तम, कारण सगळ्या गाड्या तिथे एकदमच घुसतात. सात नंबरच्या वळणाआधी लांब सरळ पट्टा आणि मग जोरदार ब्रेकिंग आहे, म्हणून ओव्हरटेक तिथे जास्त होतात. पहिल्यांदाच जाताय तर आमचं मत सातच्या आसपासच्या बाजूने. पिटसमोरच्या (टायर बदलायला गाड्या थांबतात त्या जागेसमोरच्या) ग्रँडस्टँडचं नाव मोठं, पण तिथून गाड्या नुसत्या सुसाट निघून जातात. पिट स्टॉपमधलं काही कळत असेल तरच तिथे पैसे घाला.

तिकिटावरचा झोन नीट वाचा. झोन एकचं तिकीट चारही झोनमध्ये चालतं, झोन चारचं फक्त झोन चारमध्ये. पडांग मैदानावरच्या संगीत कार्यक्रमांचा मंच झोन चारमध्ये आहे, त्यामुळे ते चुकणार नाहीत.

यंदा (९ ते ११ ऑक्टोबर २०२६) इथे स्प्रिंट, म्हणजे जादा छोटी रेस असल्यामुळे तीन दिवसांचं तिकीट वसूल होईल. शुक्रवारी सराव आणि स्प्रिंटची पात्रता फेरी, शनिवारी साधारण १०० किलोमीटरची स्प्रिंट आणि मुख्य पात्रता फेरी, रविवारी रेस.

मुलीसाठी कानांवर बसणारे इअरमफ इथूनच घेऊन जा. मोठ्यांना फोमचे इअरप्लग पुरतात, पण ते बहुतेकजण चुकीचे घालतात. आधी बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला प्लग काही कामाचा नाही. पावसासाठी छत्री नको, रेनकोट घ्या. छत्री उघडली की मागच्यांना काही दिसत नाही. त्या दिवसांत रस्ते बंद असतात, म्हणून टॅक्सीच्या नादी न लागता मेट्रोने जा. आणि व्हिसा हातात असला तरी एसजी अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, ते विसरू नका.

पुढे असलेला ड्रायव्हर पिटमधून बाहेर येतो तो थेट मागे. समालोचक याला ‘अंडरकट’ म्हणतात. हे कसं होतं? आणि सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) आली की सगळे पिटकडे का धावतात? (नाशिक)

आकडे घालून बघू. समजा अ हा ब च्या दीड सेकंद पुढे आहे. दोघांचे टायर झिजलेत. ब विसाव्या लॅपला पिटमध्ये येतो, अ बाहेरच राहतो. पुढच्या लॅपला ब नव्या टायरवर दोन सेकंद वेगाने पळतो, अ जुन्यावरच रखडतो. आता अ पिटमध्ये येतो. पिटमध्ये दोघांचा वेळ सारखाच गेला, पण अ बाहेर पडतो तेव्हा ब अर्धा सेकंद पुढे असतो. ट्रॅकवर एकही ओव्हरटेक न करता जागा गेली.

हा डाव दोन ठिकाणी फसतो. नवे टायर लवकर तापले नाहीत तर पहिल्या लॅपचा फायदा मिळत नाही. आणि ब बाहेर पडून एखाद्या हळू गाडीच्या मागे अडकला, तर सिंगापूरसारख्या अरुंद ट्रॅकवर सगळं मुसळ केरात. म्हणून टीमचं लक्ष पुढच्या गाडीपेक्षा पिटमधून बाहेर पडल्यावर मोकळी जागा मिळेल का, याच्याकडे जास्त असतं.

सेफ्टी कारचं गणितही याच्याशीच जोडलेलं आहे. चाकं बदलायला दोन-तीन सेकंद लागतात. खरा वेळ खातो तो पिट लेनमधला वेगमर्यादेचा प्रवास, कारण तेवढ्यात बाकीचे ट्रॅकवर पूर्ण वेगाने पळत असतात. सेफ्टी कारमागे तेही हळू चालतात, म्हणून तोटा बराच कमी होतो. कोरड्या रेसमध्ये किमान दोन प्रकारचे टायर वापरावेच लागतात. थांबायचंच आहे, तर स्वस्तात थांबा! (लाल पट्टा मऊ टायरचा, पिवळा मध्यम, पांढरा कडक.)

इथे हे विशेष महत्त्वाचं, कारण २००८च्या पहिल्या रेसपासून २०२३पर्यंत प्रत्येक वेळी सेफ्टी कार आली होती. २०२४ला पहिल्यांदाच आली नाही. २००८मध्ये तर रेनॉ टीमने आपल्याच नेल्सन पिके ज्युनिअरला मुद्दाम भिंतीवर गाडी घालायला लावली. त्यांचा दुसरा ड्रायव्हर फर्नांडो अलोन्सो आधीच पिट करून मोकळा झाला होता. सेफ्टी कार आली आणि तो रेस जिंकला. पुढच्या वर्षी हे उघडकीला आलं.

२०२३मध्ये कार्लोस साइंझ आघाडीवर असून मुद्दाम हळू का गेला? (कोल्हापूर)

तेव्हा मागची गाडी पुढच्याच्या एका सेकंदाच्या आत असली की तिला डीआरएस मिळे. मागच्या पंखाची फळी उघडून हवेचा अडथळा कमी होई आणि सरळ पट्ट्यावर वेग वाढे. साइंझच्या मागे लँडो नॉरिस होता आणि त्याच्यामागे नव्या टायरवर रसेल आणि हॅमिल्टन वेगाने येत होते. नॉरिसला ओलांडलं असतं तर त्यांचा पुढचा घास साइंझच होता. म्हणून त्याने नॉरिसला एका सेकंदाच्या आत येऊ दिलं. डीआरएसच्या जोरावर नॉरिस रसेलला थोपवत राहिला. शेवटच्या लॅपला रसेल भिंतीला धडकला आणि साइंझ ०.८१२ सेकंदाने जिंकला. त्या मोसमात रेड बुल टीमने गमावलेली ही एकच रेस.

२०२६पासून डीआरएस नाही. आता एका सेकंदाच्या आत असलेल्या गाडीला जादा विद्युत शक्ती वापरता येते. तेव्हा दोन गाड्यांमधलं अंतर एका सेकंदाच्या खाली गेलं की सावध व्हा.

रेस रात्री असते, तरी ड्रायव्हर इतके घामाघूम का? (मडगाव)

दमटपणामुळे घाम वाळत नाही. १९ वळणं आणि जवळ भिंती, त्यामुळे श्वास घ्यायलाही उसंत नाही, आणि रेस कधी कधी दोन तासांच्या मर्यादेपर्यंत लांबते. एका रेसमध्ये दोन-तीन किलो वजन उतरतं. जाणवणारं तापमान ३१ अंशांवर जाण्याचा अंदाज असेल तर उष्णतेचा धोका जाहीर होतो. तो पहिल्यांदा जाहीर झाला २०२५मध्ये सिंगापूरलाच. त्या वेळी अंगात थंड द्रव खेळवणारं जाकीट घालायची मुभा होती, सक्ती नव्हती.

निळा झेंडा कशासाठी? (ठाणे)

एक लॅप मागे पडणाऱ्या ड्रायव्हरला, मागून येणाऱ्याला वाट दे म्हणून. लागोपाठ तीनदा दुर्लक्ष केलं तर शिक्षा होते. जागेसाठी झुंजणाऱ्या गाड्यांना तो लागू नाही.