घरी आठ फुटी रोबो करायचा आहे, कला म्हणून. अर्डुइनो घेऊ की रास्पबेरी पाय? खर्च किती येईल?

हे दोन्ही बोर्ड म्हणजे रोबोला हुकूम देणारे छोटे कॉम्प्युटर. सध्या दोन्ही घेऊ नका. आधी एक खांदा करा.

आठ फुटी माणसाचा हात तीन फुटांच्या पुढेच जातो. पातळ पत्र्याचा केला तरी चार किलो कुठे गेले नाहीत. तो आडवा धरला की वजन खांद्यापासून साधारण 45 सेंटिमीटरवर पडतं, म्हणजे 180 किलो-सेंटिमीटरची ओढ. किटमध्ये मिळतो त्या निळ्या चिमुकल्या सर्वोची (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी मोटर) ताकद दीड-दोन किलो-सेंटिमीटर. बोर्ड कुठलाही घ्या, हा हिशेब बदलत नाही.

मी भंगारातून वायपरची 12 व्होल्टची मोटर आणली. तिच्यावर सायकलचं 18 दात्यांचं फ्रीव्हील, खांद्याला 44 दात्यांचं पुढचं चक्र, मध्ये चेन. (फ्रीव्हील आधी वेल्डिंग मारून जाम करा. मी केलं नव्हतं, हात वर जायचा आणि खाली येताना मोटर नुसती गरगर फिरायची.) हाताच्या उलट बाजूला मागाच्या बीमला लटकवतात ती बिडाची वजनं बांधली. हात तोलला गेला की मोटरला फक्त ढकलायचं काम उरतं. खरं इंजिनिअरिंग एवढंच आहे.

आता बोर्डाचं. इथे माझी दुखरी नस आहे.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. घरामागे शेड, शेडमध्ये चार माग, त्यातले दोन बंद. वडील तीस वर्षं जॉबर (माग लावणारे, दुरुस्त करणारे) होते, चादरीच्या जेकार्डवर हात बसलेला. जुन्या डिझाइनच्या कार्डांच्या माळा शेडमध्ये पोत्यात पडून होत्या. चादर पाहिलीत पण जेकार्ड पाहिलं नसेल तर सांगतो: पुठ्ठ्याच्या कार्डावर जिथे भोक, तिथे सुई आत जाते, तिचा हूक उचलला जातो आणि धागा वर येतो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच. एका फेकीला एक कार्ड.

मी बोर्डाऐवजी हेच वापरलं. लाकडाचा चौकोनी रूळ केला, त्यावर कार्डांची माळ आणि समोर आठ मायक्रोस्विच ओळीत. भोक आलं की दांडी आत जाते, रिले (मोटरचा करंट चालू-बंद करणारा स्विच) लागतो. उजवा हात वर, उजवा खाली, डावा तसाच, मान इकडे, मान तिकडे, डोळे, जबडा. झाले आठ. पहिल्यांदा वडिलांनी गंमत म्हणून एका जुन्या मोराच्या डिझाइनचीच माळ चढवली. रोबो मोर विणायला लागला. हात अर्धा वर, मान झटकन, परत हात, जबडा दोनदा. शेजारच्या मावशी दारात येऊन म्हणाल्या, "बोम्मा!" तेलुगूत बाहुली. तेव्हापासून गल्लीत त्याचं नाव बोम्माच.

दाजी पुण्यात ऑटोमेशनच्या कंपनीत आहेत. आले, बघितलं, म्हणाले, "छान आहे, पण हा रोबो नाही. यात प्रोग्राम कुठाय? हलता देखावा आहे." वडील समोर बसले होते. तीस वर्षं ज्या माणसाने भोकं वाचली त्याच्या तोंडावर प्रोग्राम कुठाय विचारायचं! अहो दाजी, जेकार्ड ज्याच्या नावाचं त्या जाकारने फ्रान्सच्या ल्योंमध्ये 1804 च्या सुमाराला हे यंत्र बसवलं. इंग्रज गणिती बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी कार्डांची कल्पना तिथूनच उचलली, आणि 1890 ची अमेरिकेची जनगणना होलेरिथने भोकांच्या कार्डांवरच मोजली. तुमचा कॉम्प्युटर आमच्या मागाचा नातू लागतो. हे सगळं मला त्या दिवशी सुचलं नाही. रात्री सुचलं, नेहमीप्रमाणे.

मग मंडळाने गणपतीत बोम्मा मांडवाच्या दाराशी मागितला. दिला. चौथ्या दिवशी रात्री पाऊस. सोलापुरात वर्षभर पाण्याची बोंब, पण सप्टेंबरला काय सांगायचं? कार्डं सादळली, मऊ पडली आणि स्विचच्या दांड्यांनी भोकं नव्हती तिथे भोकं पाडली. उजवा हात वर जायला लागला तो थांबेचना. मांडवाची लायटिंगची माळ घेऊन वर गेला, अडकला, मोटरमधून धूर. कार्यकर्ते ओरडतायत, "काय बे, बंद कर की!" आणि मी स्विच शोधतोय, कारण स्विच मी त्याच्या पाठीत बसवला होता. कुणाला लागलं नाही हे नशीब.

दाजींचा फोन दुसऱ्याच दिवशी. ताईने सांगितलं असणार. "कंट्रोलर लावला असतास तर..." खोटं! चूक कार्डाची नव्हतीच. हात वर पोचल्यावर मोटर तोडणारा लिमिट स्विच मी लावला नव्हता. तो नसता तर अर्डुइनोनेही तीच माळ ओढली असती. म्हणून तुम्हाला सांगतो, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच, प्रत्येक मोटरला वेगळा फ्यूज आणि हात पोचेल अशा जागी, रोबोपासून लांब, एक लाल बटण. बोर्ड त्यानंतर.

चालवायच्या भानगडीत पडू नका. आठ फुटी, नव्वद किलोचं धूड दोन पायांवर तोलणं घरच्याचं काम नाही. चालणारंच हवं असेल तर डच कलाकार थिओ यान्सन 1990 पासून वायरिंगच्या प्लॅस्टिक पाइपांचे प्राणी करतो, ते पाहा. वाऱ्यावर समुद्रकिनाऱ्याने चालतात, पण पुष्कळ पायांवर. बोम्मा बैठ्या पेटीवर उभा आहे, पेटीत बॅटरी आणि उरलेली बिडाची वजनं, म्हणून ढकलला तरी पडत नाही.

अर्डुइनो वाईट आहे असं नाही हं. बोटं हलवायला मीही लावलाय. बोटांचं वजन नसतं, तिथे ते निळे सर्वो चालतात. फक्त मोटरच्या बॅटरीचं आणि बोर्डाचं ग्राउंड (उणे टोक) एकत्र जोडा, नाहीतर बोटं अंगात आल्यासारखी थरथरतात. रास्पबेरी पाय कॅमेऱ्याने चेहरे ओळखायचे असतील तरच.

खर्च राहिला. दोन वर्षांत 38 हजार गेले, त्यात जळालेली मोटर आणि मंडळाची लायटिंग भरून दिली ती धरून. चौकोनी पाइप आणि वेल्डिंगलाच निम्मे. कार्डं घरची, पंचिंग वडिलांचं, त्यामुळे तुम्हाला तेवढं जास्त पडेल. मोटर ड्रायव्हरचे (बोर्डाच्या हुकमावर मोटरला करंट देणारा भाग) पैसे यात नाहीत. ड्रायव्हर दिवाळीत दाजींनी आणून दिले, लिमिट स्विचही त्यांनीच जोडले, आणि पैसे विचारले की विषय बदलतात.