एमजी बीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला हीट रॅप गुंडाळावा का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: 1970 ची एमजी बी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, जुळे एसयू बनावटीचे कार्बोरेटर. माजिवड्याहून गायमुखकडे जाताना घोडबंदर रोडच्या रांगेत अडकली की आयडलिंग डगमगतं, आणि बंद केली तर दहा-पंधरा मिनिटं पुन्हा सुरू होत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून पाइपांत सोडणाऱ्या भागाला, हीट रॅप (उष्णता अडवणारी पट्टी) गुंडाळू का, असं विचारताय.

बिडाच्या मॅनिफोल्डला रॅप गुंडाळू नका. आधी हीट शील्ड, म्हणजे मॅनिफोल्डची धग कार्बोरेटरपासून अडवणारा पत्रा, नीट करा, मग जमलं तर सिरॅमिक कोटिंग. रॅप लावायचाच तर खाली उतरणाऱ्या पाइपांना.

या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत आणि कार्बोरेटर थेट मॅनिफोल्डच्या डोक्यावर बसतात. एक्झॉस्टची तोंडं तीन. मधल्यातून 2 आणि 3 नंबरचे दोन्ही सिलिंडर धूर सोडतात, म्हणून ते सगळ्यात जास्त तापतं. गाडी पळत असताना वारा आणि टाकीतून येणारं थंड पेट्रोल फ्लोट चेंबरला (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीला) सांभाळून घेतं. गाडी थांबली की बिडाची धग सरळ वर जाते. पेट्रोलमधले हलके घटक 35-40 अंशांपासूनच उकळू लागतात, ई20 मधलं (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमधलं) इथेनॉल 78 अंशांना. त्यामुळे फ्लोट चेंबरमध्येच वाफ होते.

पण पैसे खर्च करण्याआधी एक खात्री करा. गरम असताना सुरू झाली नाही तर एक प्लग काढून, कार्बोरेटरपासून लांब धरून ठिणगी बघा. ठिणगी पिवळट, मरगळलेली असेल तर दोष कंडेन्सर किंवा कॉइलचा आहे, कितीही इन्सुलेशन केलं तरी तो जाणार नाही. ठिणगीचं टायमिंगही तपासा. ते मागे राहिलं असेल किंवा मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असेल तर मॅनिफोल्ड मुळातच जास्त तापतो. ई20 मधलं इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, त्यामुळे जुनी सेटिंग आता पातळ पडते. गरम इंजिनवर एकेका कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम 1 मिमी उचला. इंजिन बसायला लागलं तर मिश्रण पातळ आहे, कार्बोरेटरच्या खालचा जेटचा षटकोनी नट एका वेळी एकच बाजू, म्हणजे सहाव्या हिश्श्याचा फेरा, खाली फिरवा. वेग क्षणभर किंचित वाढून पुन्हा स्थिरावला की बरोबर.

आता शील्ड. मॅनिफोल्डकडून क्रम असा: पॅकिंग, हायलमचा (उष्णता कमी वाहणाऱ्या कडक लॅमिनेटचा) स्पेसर, पॅकिंग, शील्ड, पॅकिंग, कार्बोरेटर. म्हणजे दोन्ही कार्बोरेटर मिळून सहा पॅकिंग. बऱ्याच गाड्यांत मधला स्पेसर तडकलेला असतो, किंवा कुणीतरी काढून टाकलेला असतो. मग तोच उष्णतेचा सगळ्यात सोपा रस्ता होतो. जुन्या शील्डच्या खालच्या अंगाला राखाडी, तंतुमय थर दिसला तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. खरवडू नका, घासू नका. ओला करून पिशवीत बंद करा आणि नवी शील्ड करून घ्या.

वागळे इस्टेटमध्ये पत्र्याचं काम करणाऱ्याला जुनी शील्ड नमुना म्हणून द्या. 1.2 मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा चालतो. मी दोन पत्रे सुचवेन, मध्ये 8 ते 10 मिमी हवेची फट. नुसत्या जाड पत्र्यापेक्षा ही फट जास्त काम करते. खालची बाजू चकचकीत ठेवा, काळा रंग मारू नका. चकचकीत ॲल्युमिनियम धग परतवतं, काळा पृष्ठभाग ती पिऊन घेतो. थ्रॉटलच्या रिटर्न स्प्रिंगा शील्डलाच अडकतात, हे मात्र विसरू नका. ॲल्युमिनियममधलं भोक स्प्रिंगच्या आकड्याने झिजून लांबट होतं आणि एक दिवस स्प्रिंग सुटते. तिथे पोलादाची छोटी पट्टी रिव्हेट करा.

कोटिंगबद्दल सावध राहा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पावडर कोटिंगवाले भरपूर आहेत, पण पावडर कोटिंग मॅनिफोल्डवर जळून जातं. चंदेरी हीट पेंट गंज रोखतो, उष्णता नाही. खरं सिरॅमिक कोटिंग शॉट ब्लास्टिंग करून, आतून-बाहेरून लावून भट्टीत पक्कं केलेलं हवं. फ्लँजचे (इंजिनला टेकणाऱ्या सपाट कडेचे) तोंड झाकायला सांगा.

रॅपला माझा विरोध दोन कारणांनी. उष्णता बिडातच कोंडते, आणि जुन्या बिडात बारीक चीर असली तर ती वाढते. दुसरं म्हणजे आपली हवा. चार महिने पाऊस, वर खाडीचा दमटपणा. रॅप पाणी धरून ठेवतो, आणि गाडी आठवड्याला एकदाच निघत असेल तर माइल्ड स्टीलचा पाइप आतल्या आत सडतो. पाइप स्टेनलेसचे असतील तर मात्र खुशाल लावा. पट्टी 50 मिमी रुंद, 6 मिमी एकावर एक, आणि खालून वर, कौलं रचतात तशी, म्हणजे पाणी निथळून जातं. 45 मिमीच्या पाइपाला मीटरमागे साधारण साडेतीन मीटर पट्टी लागते. स्टेनलेसचे टाय, हातमोजे, मास्क. पहिल्या चालवण्यात धूर येतो, तो बांधणीच्या द्रव्याचा.

पण त्याआधी मॅनिफोल्डमागची टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांवरची) दोन झाकणं बघा. त्यांचं कॉर्कचं पॅकिंग पाझरतं आणि तेल थेट या पाइपांवर ओघळतं. तेल प्यालेला रॅप म्हणजे पेटती वात. पाझर बंद झाल्याशिवाय रॅप लावूच नका.

परत बसवताना इनटेक आणि एक्झॉस्टच्या फ्लँजवर सरळ पट्टी धरा. दोन्ही एका जाड वॉशरखाली आवळले जातात, म्हणून जाडी सारखी हवी. फरक असेल तर एक घट्ट बसतो, दुसरा फुसफुसतो आणि मिश्रण पुन्हा पातळ होतं. नट पितळेचे वापरा, मधून बाहेर असे दोन-तीन फेऱ्यांत आवळा. एकदा पूर्ण गरम करून, रात्रभर थंड होऊ देऊन सकाळी पुन्हा तपासा.