नव्वद मिनिटांचं भविष्य, पण पाऊल एकच

प्रश्न : सर, आमच्या डिस्टिलेशन कॉलमवर, म्हणजे द्रव उकळून वेगळे करणाऱ्या उंच टाकीवर, 4 व्हॉल्व्ह आणि 5 मोजमापं धरून एमपीसी, म्हणजे मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल, लावलंय. ते मॉडेलवरून पुढचं भाकीत करून व्हॉल्व्ह हलवतं. दर मिनिटाला नवं उत्तर हवं. पुढची 90 मिनिटं बघायची आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या 30 हालचाली ठरवायच्या, असं सेटिंग आहे. कधीकधी गणितालाच 50 सेकंद लागतात. नवा कॉम्प्युटर मागू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : थांबा, खरेदीची फाइल आताच हलवू नका. 4 गुणिले 30, म्हणजे दर मिनिटाला तुम्ही 120 अज्ञात संख्या शोधताय. त्यातल्या वापरता किती? चार, प्रत्येक व्हॉल्व्हची फक्त पहिली हालचाल! बाकीच्या 116 पुढच्या मिनिटाला केराच्या टोपलीत. 23व्या मिनिटाला स्टीमचा व्हॉल्व्ह नेमका किती उघडेल, हे आज इतकं काटेकोर ठरवून करायचंय काय?

हालचालींना 1, 2, 4, 8 आणि 16व्या मिनिटालाच मुभा द्या, मधल्या वेळात व्हॉल्व्ह आहे तिथेच धरा. अज्ञात उरले 20. मॅट्रिक्स सोडवण्याचं काम साधारण घनाच्या हिशेबाने वाढतं, म्हणजे सहापट घट 216 पटीपर्यंत जाते. बाकीची कामं तशीच राहत असल्यामुळे एवढी सूट पदरात पडत नाही, पण फरक डोळ्यांना दिसतो. 90 मिनिटांची नजर मात्र कमी करू नका. ती कमी केली की कंट्रोलर उतावळा होतो.

मर्यादांचंही तेच. 5 मोजमापं, 90 मिनिटं, वरची आणि खालची हद्द : 900 अटी! दहाएक ठरावीक मिनिटांनाच तपासा. आणि डेड टाइम, म्हणजे व्हॉल्व्ह हलवल्यापासून परिणाम दिसू लागेपर्यंतचा वेळ, बघा. वुड आणि बेरी या संशोधकांचा 1973 सालचा मेथॅनॉल-पाण्याचा कॉलम आठवा. तिथे तळाच्या शुद्धतेवर रीफ्लक्सचा (माथ्यावरून परत सोडलेल्या द्रवाचा) परिणाम दिसायला 7 मिनिटं लागतात, स्टीमचा दिसायला 3. मग पहिल्या 3 मिनिटांत तळावर अट घालून कोणाला दटावणार? उलट अट आधीच मोडलेली असेल तर सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारा प्रोग्राम, उत्तरच नाही म्हणून हात वर करतो.

मॉडेल आणि वजनं (कोणत्या चुकीला किती महत्त्व द्यायचं ते आकडे) बदलत नसतील तर हेसियन, म्हणजे या गणितातला वर्गपदांचा मॅट्रिक्स, एकदाच काढून ठेवा. मागच्या मिनिटाचं उत्तर एक घर पुढे सरकवून तिथूनच शोध सुरू करा. सगळी उत्तरं आधीच काढून तक्त्यात ठेवणारं एक्सप्लिसिट एमपीसी तुमच्यासाठी नाही. अटी वाढल्या की त्या तक्त्याचे तुकडे बेसुमार वाढतात.

हे मी ठेच खाऊन शिकलो. एका प्लांटवर माझा कंट्रोलर असाच रेंगाळायचा. एका रात्रपाळीत ऑपरेटरने लूप मॅन्युअलवर टाकला, म्हणजे कंट्रोलर बंद करून व्हॉल्व्ह स्वतःच्या हाती घेतले, आणि स्क्रीनवर चिठ्ठी डकवली, ‘साहेब विचार करतायत.’ सकाळी मी हालचाली 25 वरून 4 वर आणल्या. चिठ्ठी मात्र त्याने आठवडाभर काढली नाही.